सलग सात पराभवांनंतर : एका सेव्हच्या नोंदी

५ फेब्रुवारी

फुटबॉल मॅनेजर २०२४ या संगणकावरच्या खेळात आपण प्रशिक्षक होऊन क्लब चालवतो; त्यातील माझ्या सेव्हची, म्हणजे साठवून ठेवलेल्या डावाची, आजची अवस्था प्रथम लिहून ठेवतो. इंग्लंडच्या चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या लगेच खालच्या विभागात, गेल्या हंगामात बढती मिळवून आलेला एक क्लब माझ्याकडे आहे. ४६ पैकी १४ सामने झाले आहेत. पहिल्या सात फेऱ्यांत तीन विजय, दोन बरोबरी आणि दोन पराभव अशी ११ गुणांची बरी सुरुवात झाली होती. त्यानंतर आणखी सात फेऱ्या झाल्या, तरी गुण ११ च आहेत. निकाल क्रमाने असे : ०-२, १-३, १-२, ०-१, ०-३, १-४, १-२. चार गोल केले, सतरा खाल्ले. २४ संघांत आम्ही २२ वे आहोत आणि हंगामाअखेर तळाचे तीन संघ खालच्या विभागात जातात.

आज संचालक मंडळाचे बोलावणे आले. पुढच्या पाच सामन्यांत सहा गुण मिळवून देण्याचे कबूल करून मी नोकरी तूर्त वाचवली आहे. या सहाच्या आकड्यात एक मेख आहे. पाचही सामने बरोबरीत सोडवले तरी हाती पाचच गुण येतात. म्हणजे गोलपुढे सगळी माणसे उभी करून बसण्याने भागणार नाही, निदान एक सामना जिंकावाच लागेल.

यापुढे काय बदलले, का बदलले आणि त्याचे काय झाले हे लिहून ठेवायचे ठरवले आहे. स्वतःला तीन अटी घातल्या आहेत. जुनी सेव्ह उघडून हरलेला सामना पुन्हा खेळायचा नाही. एका वेळी एकाच दोषावर उपाय करायचा आणि त्याला किमान दोन सामने द्यायचे. आणि नवा खेळाडू आणण्याचे स्वप्न पाहायचे नाही. तसेही खेळातल्या जानेवारीपर्यंत खरेदीची खिडकी बंद आहे.

६ फेब्रुवारी

आज सामना खेळलो नाही. या सात सामन्यांत मी स्वतः काय काय केले त्याची उजळणी केली. ती फारशी भूषणावह नाही.

हंगामाची सुरुवात ४-२-३-१ ने (हे आकडे बचावापासून पुढे प्रत्येक फळीत किती खेळाडू ते सांगतात) केली होती. दुसऱ्या पराभवानंतर मी ३-५-२ वर गेलो, चौथ्यानंतर ४-४-२ वर आणि सहाव्यानंतर पुन्हा ३-५-२ वर. प्रत्येक वेळी नवी मांडणी करताना आपण काहीतरी ठोस करत आहोत असे समाधान मिळाले. प्रत्यक्षात या खेळात प्रत्येक डावपेचाची खेळाडूंना किती सवय झाली आहे याचे वेगळे मोजमाप असते; मेंटॅलिटी (किती आक्रमक वा सावध खेळायचे ते), पासिंग, टेम्पो, प्रेसिंग (चेंडू हिसकावण्यासाठी टाकायचा दबाव), जागा आणि जबाबदारी अशा प्रत्येक गोष्टीची पट्टी सरावाने हळूहळू भरते. मूळ ४-२-३-१ च्या पट्ट्या जवळजवळ भरलेल्या होत्या, तर ३-५-२ च्या अर्ध्यावरच होत्या. म्हणजे आधीच धास्तावलेल्या संघाला मी दर दोन सामन्यांनी अनोळखी कामाला जुंपत होतो.

दुसरी चूक ड्रेसिंग रूममधली. पाचव्या पराभवानंतर मी संघाची बैठक बोलावली आणि कामगिरीबद्दल कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. खेळाडूंमध्ये सर्वाधिक वजन असलेल्या आमच्या अनुभवी सेंटरबॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, हे बोलणे अन्यायाचे असल्याचे तोंडावर सांगितले, आणि त्याच्यामागून निम्म्या संघाच्या मनोबलाचे बाण खाली वळले. त्याच्या पुढच्याच सामन्यात मध्यंतराला ०-२ अशा स्थितीत मी पाण्याची बाटली फेकण्याचा हावभाव निवडला. तो सामना १-४ असा संपला. खेळाने तो पर्याय दिला आहे खरा, पण दिलेला प्रत्येक पर्याय वापरलाच पाहिजे असे नाही.

८ फेब्रुवारी

आजची संध्याकाळ डेटा हबमध्ये, म्हणजे खेळातल्या आकडेवारीच्या पानांवर, गेली. सात सामन्यांत आमचे अपेक्षित गोल, म्हणजे मिळालेल्या संधींच्या दर्जावरून काढलेला एक्सजी हा आकडा, एकूण ७.९ आहेत आणि प्रतिस्पर्ध्यांचे ११.२. संधींच्या दर्जावरून पाहिले तर आम्ही साधारण तीन गोलांनी मागे असायला हवे होते. प्रत्यक्षात तेरा गोलांनी मागे आहोत. १-२ आणि ०-१ असे गमावलेल्या दोन सामन्यांत तर आमचा एक्सजी प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त होता.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंना घसरण्याची भीती आहे. सगळा नशिबाचा खेळ म्हणून हात झटकावेत, तर ७.९ विरुद्ध ११.२ हा काही चांगल्या संघाचा हिशेब नव्हे. सगळे मोडून नव्याने उभारावे, तर जे मुळात बिघडलेलेच नाही तेही मोडून बसेन.

कुतूहल म्हणून एक गणित मांडले. एखादा संघ आपले निम्मे सामने हरतो असे धरू आणि प्रत्येक सामना आधीच्या सामन्यापासून स्वतंत्र मानू. ठरावीक सात सामने ओळीने हरण्याची शक्यता १२८ त एक एवढीच आहे. परंतु ४६ सामन्यांच्या हंगामात अशी रांग कुठूनही सुरू होऊ शकते, आणि ते लक्षात घेतले की कुठेतरी सलग सात पराभव येण्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे अशा सात संघांपैकी एकाच्या वाट्याला हा प्रसंग प्रशिक्षकाने कोणतीही विशेष घोडचूक न करताही येईल. प्रत्यक्षात मनोबल ढासळत असल्याने सामने स्वतंत्र नसतात, त्यामुळे ही शक्यता वाढतच असणार.

याच संदर्भात खऱ्या फुटबॉलमधला एक अभ्यास आठवला. नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षक बदलांचा अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी अभ्यास केला होता. प्रशिक्षकाला काढल्यावर संघ सावरताना दिसले. परंतु तशीच घसरगुंडी होऊनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, ते संघही जवळपास तसेच सावरले. माझ्या संचालक मंडळाला हा अभ्यास वाचून दाखवण्याची सोय खेळात नाही, ही खेदाची बाब आहे. मला मात्र त्यातून एक इशारा घेता येतो : उद्या आम्ही जिंकू लागलो, तर तो विजय माझ्या उपायाचा की उतरत्या नशिबाने घेतलेल्या नैसर्गिक वळणाचा, हे निकालावरून कळणार नाही. उपाय लागू पडला की नाही ते पाहण्यासाठी निकालापेक्षा लहान आणि नेमकी खूण शोधावी लागेल.

९ फेब्रुवारी

सतराही गोल पुन्हा पाहिले. प्रत्येक गोलाची चेंडू आमच्या ताब्यातून गेला त्या क्षणापासूनची हालचाल पाहिली आणि वहीत एकेक ओळ लिहिली.

एक काळ असा होता की हे शक्यच नव्हते. या मालिकेचा पूर्वज असलेला १९९२ चा चॅम्पियनशिप मॅनेजर सामना केवळ समालोचनाच्या ओळींतून दाखवीत असे. मैदानावरचे ठिपके २००३ मध्ये आले आणि त्रिमित सामना फुटबॉल मॅनेजर २००९ मध्ये. ‘बचावातील गोंधळाचा फायदा घेत गोल’ या वाक्यावरून कोणता बचावपटू कुठे उभा होता ते त्या काळी हा खेळ खेळणाऱ्याने कसे ओळखले असेल, देव जाणे.

वर्गवारी अशी निघाली : सात गोल आमच्या उजव्या बाजूने आलेल्या क्रॉसवर (कडेवरून गोलपुढे मारलेल्या चेंडूवर) किंवा गोलरेषेजवळून मागे दिलेल्या पासवर, तीन गोल आमच्याच कॉर्नरनंतरच्या प्रतिहल्ल्यात, दोन प्रतिस्पर्ध्यांच्या सेट पीसवर (फ्री किक, कॉर्नर यांवर), दोन लांबून मारलेल्या फटक्यांवर, दोन गोलरक्षकाच्या चुकीने आणि एक पेनल्टीवर. सतरापैकी आठ गोल सत्तराव्या मिनिटानंतरचे आहेत.

लांबचे फटके आणि गोलरक्षकाच्या चुका मी दैवाच्या खात्यावर टाकतो. उजवी बाजू मात्र दैवाच्या खात्यात बसत नाही, कारण ते सात गोल पाहताना एकच चित्रफीत सात वेळा लावल्यासारखे वाटत होते. १-३ च्या सामन्यातला दुसरा गोल नमुन्यादाखल घेतो. आमचा उजवा विंगबॅक, म्हणजे कडेने पुढे धावणारा बचावपटू, अटॅक ड्यूटीवर (अटॅक, सपोर्ट आणि डिफेंड या जबाबदाऱ्यांपैकी सर्वांत आक्रमक) असल्याने प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्सच्या कोपऱ्यावर उभा आहे. त्याच्या पुढचा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, हाही अटॅक ड्यूटीवर आहे आणि तो आत सरकला आहे. चेंडू जातो. दोन मिडफिल्डरपैकी उजवीकडचा, ज्याला मी बॉल विनिंगची, म्हणजे चेंडू हिसकावण्याची, भूमिका दिली आहे, तो आपली जागा सोडून चेंडूच्या मागे डावीकडे धावतो. मैदानाच्या उजव्या पट्ट्यात आता आमचा एकही माणूस नाही. त्यांचा डावा विंगर चेंडू घेऊन चालत आला असता तरी चालले असते. उजवा सेंटरबॅक त्याला अडवायला बाहेर खेचला जातो, मधे दार उघडे पडते, क्रॉस येतो आणि गोल होतो. मांडणी ४-२-३-१ असो वा ३-५-२, या तिघांच्या जबाबदाऱ्या मी प्रत्येक वेळी जशाच्या तशा नव्या आराखड्यात उचलून नेल्या होत्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हेच.

कॉर्नरवरचे तीन गोल तर लाजिरवाणे आहेत. आक्रमक कॉर्नरच्या आखणीत मागे थांबायला मी एकच माणूस ठेवला होता, आणि तो संघातला सर्वांत संथ सेंटरबॅक होता. उंच आहे म्हणून त्याला पुढे पाठवायला हवे होते. मी नेमके उलटे केले होते.

११ फेब्रुवारी, फेरी १५

मूळ ४-२-३-१ वर परतलो. ज्या पट्ट्या भरलेल्या आहेत त्यांवरच उभे राहायचे, हा त्यामागचा विचार आहे. उजव्या बाजूचा दोष एकच धरून दोन जबाबदाऱ्या बदलल्या : उजव्या विंगबॅकला फुलबॅक (कमी पुढे जाणारा कडेचा बचावपटू) करून सपोर्टवर आणले आणि त्याच्या बाजूच्या बॉल विनिंग मिडफिल्डरला साधा सेंट्रल मिडफिल्डर करून डिफेंडवर ठेवले. कॉर्नरला आता तिघे मागे थांबतील आणि उंच सेंटरबॅक पुढे जाईल. एका वेळी एकच दोष या अटीचा हा थोडासा भंग आहे. पण कॉर्नरवरचा प्रतिहल्ला वेगळा मोजता येतो, म्हणून तो मी स्वतःला माफ केला. मोजायची खूण अशी ठरवली : आमच्या उजव्या बाजूने प्रतिस्पर्ध्यांना किती संधी मिळतात.

सामन्यापूर्वीच्या बोलण्यात शांत स्वर ठेवला आणि तुमच्यावर कोणतेही दडपण नाही एवढेच सांगितले. प्रतिक्रियांमध्ये दोन-तीन खेळाडूंपुढे हिरवी खूण दिसली. बऱ्याच दिवसांनी दिसली.

निकाल ०-१. सलग आठवा पराभव. आमचा एक्सजी १.१, त्यांचा ०.६. ८८ व्या मिनिटाला पंचवीस यार्डांवरून मारलेला फटका आमच्याच बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदलून आत गेला.

हे प्रामाणिकपणे नोंदवतो की अंतिम शिट्टी झाल्यावर कर्सर जुन्या सेव्हच्या नावावर जाऊन थांबला होता. बराच वेळ थांबला होता. शेवटी वहीतले आकडे पाहिले : उजव्या बाजूने आलेली संधी एक, आमच्या कॉर्नरनंतरचा प्रतिहल्ला शून्य. ज्या खुणेसाठी बदल केला ती खूण हलली आहे. खेळ बंद केला आणि बदल तसेच ठेवले.

१२ फेब्रुवारी

हात शिवशिवत होते, म्हणून खेळ उघडलाच नाही.

१३ फेब्रुवारी, फेरी १६

१-१. रांग तुटली. उजव्या बाजूने आलेल्या संधी दोन, दोन्ही किरकोळ. आमचा गोल पहिल्या अर्धात झाला आणि बरोबरीचा गोल ७९ व्या मिनिटाला खाल्ला. उशिरा गोल खाण्याची खोड कायम आहे. पुढचा विषय तोच. पाचपैकी दोन सामने संपले, गुण एक.

१५ फेब्रुवारी

आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी लीगला सुटी आहे, त्यामुळे खेळातले दोन आठवडे सामन्याविना मिळाले. उशिरा गोल खाण्याचे कारण शोधताना सरावाच्या विश्रांतीच्या पानावर पोचलो आणि तेथे माझाच पराक्रम सापडला. हंगामाआधी अंगात उत्साह असताना, ज्यांच्या नावापुढचे तंदुरुस्ती दाखवणारे हृदयाचे चिन्ह पूर्ण हिरवे असेल त्यांना दुप्पट तीव्रतेचा सराव द्यावा अशी सूचना मी करून ठेवली होती आणि नंतर विसरून गेलो होतो. म्हणजे जो खेळाडू सावरत असे, त्यालाच पुन्हा दमवले जात होते. त्यात मैदानावर उंच बचावरेषा आणि प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्सपासून प्रेसिंग. आमच्या उजव्या बचावपटूचा स्टॅमिना २० पैकी ११ आणि डाव्या मिडफिल्डरचा १० आहे. शनिवारी खेळून पुन्हा मंगळवारी खेळायचे असेल तर ही माणसे सत्तर मिनिटांनंतर नुसती उभी असणार, हे सांगायला डेटा हबची गरज नव्हती.

सराव सामान्य तीव्रतेवर आणला. प्रेसिंग सुरू करण्याची रेषा उंचावरून मैदानाच्या मध्यावर घेतली; बचावरेषा एक पायरी खाली आणली, कारण पुढची फळी मागे घेऊन बचाव तिथेच ठेवला तर चेंडूवर दबाव नसताना पाठीमागे मोकळे रान पडते. मेंटॅलिटी पॉझिटिव्हवरून एक पायरी सावध, म्हणजे बॅलन्स्ड केली. त्याहून सावध पर्याय मोहात पाडत होता, पण सहा गुणांचा हिशेब आठवला.

सुटीतला बाकीचा वेळ संघ म्हणून एकत्र खेळण्याच्या आणि डावपेचांच्या सरावाला दिला. बैठक बोलावली नाही. त्याऐवजी त्या नाराज सेंटरबॅकशी एकट्याने बोललो आणि त्याच्या अलीकडच्या सरावाची प्रशंसा केली, जी खरोखरच प्रशंसनीय होती. खोटी स्तुती केली की हे खेळाडू ती ओळखतात आणि उलट खट्टू होतात.

१८ फेब्रुवारी, फेरी १७

२-१ असा विजय, दहा सामन्यांनंतरचा पहिला. एक्सजी १.५ विरुद्ध ०.९. सत्तराव्या मिनिटानंतर त्यांना एकच फटका मारता आला. ६० व्या मिनिटाला दोन्ही विंगर बदलले. पूर्वी मी ८० व्या मिनिटापर्यंत थांबत असे आणि तोवर हृदये नारिंगी झालेली असत. बाजूरेषेवरून फक्त एकदा प्रोत्साहन दिले. तीन सामन्यांत चार गुण.

१९ फेब्रुवारी, फेरी १८

मंगळवारचा सामना, ०-२. दमलेल्या पाच जणांना विश्रांती दिली होती. पहिला गोल पेनल्टीवर, दुसरा डाव्या बाजूने आलेल्या क्रॉसवर. डाव्या बाजूचा विंगबॅकही सपोर्टवर आणावा असा विचार मनात येताच वही उघडली : चार सामन्यांत डावीकडून आलेला हा पहिलाच गोल. त्यांचा एकूण एक्सजी १.३, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग एकट्या पेनल्टीचा, कारण एका पेनल्टीची किंमतच पाऊण गोलाहून थोडी जास्त धरली जाते. डाव्या बाजूला हात लावला नाही. आमचे आक्रमण डावीकडूनच होते. तेही बंद केले तर गोल कुठून यायचे?

आता हिशेब सोपा आणि वाईट आहे. चार सामन्यांत चार गुण, एक सामना शिल्लक. बरोबरी झाली तरी नोकरी जाऊ शकते.

२२ फेब्रुवारी, फेरी १९

सामन्याआधी पूर्ण अर्धा तास मेंटॅलिटीचा पर्याय बॅलन्स्ड आणि अटॅकिंग यांच्यामध्ये मागे-पुढे करत बसलो होतो. शेवटी बॅलन्स्डच ठेवला. साठाव्या मिनिटाला बरोबरी असेल तर पॉझिटिव्ह करायचे, एवढे आधीच लिहून ठेवले, म्हणजे ऐन वेळी घाबरून भलतेच बटण दाबले जाणार नाही.

पहिल्या अर्धात आम्ही खेळलोच नाही. त्यांचा एक फटका खांबाला लागला, एक गोलरक्षकाने बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला. मध्यंतराला ०-०. पाण्याची बाटली जागेवर राहिली. साठाव्या मिनिटाला ठरल्याप्रमाणे पॉझिटिव्ह केले, तरी काही घडेना. ७३ व्या मिनिटाला आमचा सामन्यातला दुसरा कॉर्नर मिळाला. जवळच्या खांबाकडे मारलेला चेंडू, पूर्वी कॉर्नरला मागे थांबवलेला तोच संथ, उंच, मध्यंतरी माझ्यावर रुसलेला सेंटरबॅक, त्याचे डोके आणि गोल. उरलेली वीस मिनिटे मी पडद्याकडे बोटांच्या फटींतून पाहिली.

१-० असा विजय. पाच सामन्यांत सात गुण. एक्सजी आमचा ०.६, त्यांचा १.४.

२३ फेब्रुवारी

संचालक मंडळाचा निरोप आला. कामगिरीतील सुधारणेबद्दल ते समाधानी आहेत. ज्या सामन्याने नोकरी वाचली, तोच या पाचांतला आमचा सर्वांत सुमार सामना होता, आणि ज्या ०-१ नंतर मी सेव्ह बदलायला निघालो होतो त्यात आम्ही कितीतरी चांगले खेळलो होतो. मंडळ निकाल पाहते. तेही त्यांच्या जागी बरोबर आहेत.

पाच सामन्यांची बेरीज वहीत लिहिली. उजव्या बाजूने खाल्लेले गोल शून्य, आधीच्या सात सामन्यांत सात. आमच्या कॉर्नरनंतर खाल्लेले गोल शून्य, आधी तीन. सत्तराव्या मिनिटानंतर खाल्लेले गोल दोन, आणि दोन्ही प्रेसिंगची रेषा खाली आणण्यापूर्वीचे. या तीन ओळी माझ्या खात्यावर जमा करायला हरकत नाही. सात गुणांपैकी शेवटचे तीन मात्र, आधी गमावलेल्या दोन सामन्यांची उशिरा आलेली परतफेड म्हणून लिहिले आहेत.

आता १९ सामन्यांत १८ गुण आहेत. गोल करण्याचा प्रश्न सुटलेला नाही : पाच सामन्यांत चार गोल. पुढच्या दोन फेऱ्यांसाठी बदल एकच, उजव्या विंगरला अटॅकवरून सपोर्टवर आणून मधल्या आक्रमक मिडफिल्डरला अटॅकवर पाठवायचे. खूण : बॉक्सच्या आतून मारलेल्या फटक्यांची संख्या. फेरी २० परवा.